मोरी उभी राहिली

इतिहासात राज्ये येतात आणि कोसळतात. आमच्या लिंबागणेशच्या घरात सिंक आले आणि त्याच रात्री कोसळले. मधे पाच तास गेले. बँकेतला कारकून असल्यामुळे वेळेची नोंद चोख आहे.

कारण अण्णांचे गुडघे. ऐंशी वर्षे ते मोरीत उकिडवे बसून तोंड धूत आले. गेल्या पावसाळ्यात बसले ते उठेनात. दोघांनी काखेत हात घालून उठवले. अण्णा त्या दिवशी कोणाशीच बोलले नाहीत. मोरीला उभे करायचे, असे मी तेव्हाच ठरवले.

आमची मोरी साधीसुधी नव्हे. आजोबांनी ती निजामाच्या अमदानीत घातली, शहाबादी फरशीची. तेव्हा बीड काय आणि शहाबाद काय, एकाच हैदराबाद संस्थानात. १९४८ साली संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली. आम्ही गेलो मुंबई राज्यात, शहाबाद गेले म्हैसूर राज्यात. फरशी मात्र जागची हलली नाही. तिच्यावर तांब्याचे घंगाळ. ते हिरवे पडे, आई चिंच आणि राख घेऊन त्याच्याशी झुंजे.

आता आले स्टील. १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली नावाचा गृहस्थ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होता. त्याने त्यात सुमारे तेरा टक्के क्रोमियम घातले, आणि ते गंजेना. क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर वर धरतो. ओरखडा पडला तरी हवेत पुन्हा आपोआप धरतो. (आमच्या खात्यातही असे काही मिसळता आले तर!) असे हे पोलाद बंदुकीच्या नळीसाठी निघाले आणि आमच्या नळाखाली पोचले.

बी.कॉम.ला सुतारकाम नव्हते. तरी जुन्या दाराच्या फळ्यांचे कपाट ठोकले, वर भोक पाडून आणलेला कडप्पा ठेवला. सिंक वरून ठेवले तर काठाशी पाणी तुंबते. खालून चिकटवले तर दगडावरचे पाणी हाताने सरळ आत लोटता येते, असे दुकानदार म्हणाला. सोबत क्लिपाही घ्या म्हणाला. मी त्या अनावश्यक खर्चात टाकल्या. सिलिकॉन सुकायला पुरता दिवस लागतो, हे नळीवर लिहिले होते. पण माणूस पासबुक तरी कुठे पुरते वाचतो? रात्री ऑडिट म्हणून सिंक काठोकाठ भरले. बारा लिटर पाणी म्हणजे बारा किलो. पुढची नोंद सौभाग्यवतींच्या चपलांच्या खाती पडली.

दुसऱ्या दिवशी क्लिपा आल्या, खाली दोन आडव्या पट्ट्याही आल्या. दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. कडप्प्याला एक हात टेकून उभ्याउभ्या तोंड धुतले. दोनदा धुतले. मग वाकून कपाटाच्या आत बघायला लागले.

"आरं, हे पाणी जातंय कुठं?"

"गटारात, अण्णा."

"गटारात?" १९७२ च्या दुष्काळात याच मोरीच्या पाण्यावर त्यांनी परसातला अळू जगवला होता. "मोरीचं पानी अळवाला जायाचं. त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

रविवारी पुन्हा करवत घेऊन बसलो. पाइप अळवापर्यंत नेण्यात अकरा फूट लागला, आणि त्याची पावती अण्णांनी मागून घेऊन आपल्या पेटीत ठेवली.