कुंपणातलं भगदाड कोणाचं?

आजचा भाग सुचला तो एका भांडणामुळे, आणि तेही आमच्याच घरातल्या.

गावाकडे माझ्या काकांच्या शेताला लागून आणखी तिघांची शेतं आहेत. मोकाट जनावरांचा त्रास वाढला म्हणून चौघांनी ठरवलं, की बांधाबांधावर वेगळं कुंपण घालायचं नाही. चारही शेतांना बाहेरून एकच तार ओढायची आणि ज्याने त्याने आपल्या बाजूचं बघायचं. तिघांनी केलं. चौथ्याचं "पुढच्या आठवड्यात बघू" चालूच राहिलं. एका रात्री जनावरं त्याच मोकळ्या बाजूने आत शिरली आणि थेट काकांच्या हरभऱ्यात गेली. ज्याने कुंपण नीट घातलं, त्याचंच पीक गेलं!

आता भरपाई कोणी द्यायची? चौथा म्हणतो, "जनावरं माझी नाहीत, मी कशाला देऊ?" काका म्हणतात, "पण वाट तुझी ना!"

फोनवर हे सगळं ऐकलं आणि मला एकदम आठवला राजा इनी.

इनी हा वेसेक्सचा राजा. वेसेक्स म्हणजे आजच्या इंग्लंडच्या दक्षिणेचा आणि नैर्ऋत्येचा भाग. तो 688 साली गादीवर आला. तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि विनयादित्य राजा होता. म्हणजे किती जुनी गोष्ट आहे, लक्षात आलं ना? गादीवर आल्यावर पहिल्या काही वर्षांतच, 694 च्या आत, इनीने कायदे लिहून काढले. चोरी, खून, दंड असं बरंच काही त्यात आहे. आणि त्यातच एक कलम आहे शेताच्या कुंपणाचं.

तिथली शेती कशी होती ते आधी बघू. काही गवताची कुरणं आणि जमिनी सामाईक होत्या. आत प्रत्येकाचा वाटा वेगळा, पण बाहेरचं कुंपण सगळ्यांचं मिळून. प्रत्येक शेतकऱ्याने त्यातला आपला हिस्सा बंदिस्त करायचा. कुंपण घालणं याला त्यांच्या जुन्या इंग्रजीत 'टूनान'सारखा शब्द होता. कुंपण घातलेली जागा म्हणजे 'टून', आणि त्यावरूनच आजचा 'टाउन' आला. म्हणजे शहराचं नावसुद्धा कुंपणातून निघालंय!

आता कलम काय सांगतं? समजा, काहींनी आपला हिस्सा घातला, काहींनी नाही, आणि गुरांनी सामाईक पीक किंवा गवत खाल्लं. तर भगदाड ज्यांचं, त्यांनी भरपाई द्यायची. कोणाला? ज्यांनी आपलं कुंपण घातलं होतं त्यांना. सरसकट सगळ्यांना नाही. आळस केलेल्याने आळस केलेल्याकडे भरपाई मागायची सोयच ठेवली नाही.

मग गुरांचा मालक सुटला का? नाही. भगदाडवाल्याने आधी शेजाऱ्याचं नुकसान भरायचं आणि मग गुरांच्या मालकाकडे आपला न्याय मागायचा. म्हणजे नुकसान झालेल्या माणसाने पळापळ करायची नाही. ती ज्याच्यामुळे वाट मोकळी राहिली त्याने करायची.

गुरांच्या मालकाला आणखी एक धाक होता. एखादं जनावर कुंपणं मोडत सुटतं आणि मालकाला आवरत नाही, तर ज्याच्या शेतात ते सापडेल त्याने ते मारावं. मालकाला कातडं आणि मांस मिळेल, बाकीवर पाणी सोडायचं. तसंच तुमच्या घराच्या आवाराला कुंपण नसेल आणि शेजाऱ्याचं जनावर तुमच्याच भगदाडातून आत आलं, तर हाकलून द्या आणि नुकसान सोसा.

या एका कलमावरून इंग्लंडमधल्या सामाईक शेतीचं वय किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. मला मात्र त्यात साधी गोष्ट दिसते. लोक भांडल्याशिवाय असं कलम कोणी लिहीत नाही. तिथेही कोणीतरी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणालाच असणार.

पुढे हीच काळजी इंग्रजांबरोबर अमेरिकेत गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये कुंपणं तपासायला 'फेन्स व्ह्यूअर' नेमायची पद्धत वसाहतींच्या काळापासून आहे आणि ते पद आजही कायद्यात आहे. शेजाऱ्याने त्याचा हिस्सा केला नाही, तर त्यांच्याकडे तक्रार करून तुम्ही स्वतः कुंपण घालायचं आणि दुप्पट खर्च वसूल करायचा.

आणि आपल्याकडे काय आलं? कोंडवाडा! 1871 चा गुरं अतिक्रमणाचा कायदा. शेतात शिरून नुकसान करणारं जनावर शेतकऱ्याने धरायचं आणि 24 तासांत कोंडवाड्यात पाठवायचं. मालक दंड भरून सोडवून नेतो. इथे सगळा भार जनावराच्या मालकावर. कुंपण कोणाचं उघडं होतं, हे कोंडवाडा विचारत नाही. आणि जनावर मोकाट असेल, मालकच नसेल, तर? काकांचं भांडण नेमकं इथेच अडकलंय.

आपण म्हणतो, कुंपणच शेत खातं. इनीचं कलम वाचल्यावर वाटतं, कुंपण नाही, कुंपणातली न भरलेली जागा शेत खाते. आणि सामाईक कामात ती आपल्यापेक्षा शेजाऱ्याचं जास्त खाते. म्हणून "माझा हिस्सा, माझी मर्जी" हे तिथे चालत नाही.

मी काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "राजा हुशार होता रे, पण तो आता वसुलीला येणार आहे का?"

राजा नाही आला. पण परवा चौघं मिळून कुंपणाच्या कडेने फिरले. कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत कोणाचं, ते रंगाने लिहून काढलं. हरभऱ्याचे पैसे अजून मिळाले नाहीत. चौथ्याची तार मात्र ओढून झालीय.

तुमच्या गावात असं सामाईक काम कसं चालतं, मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!