एका शिपायाचे दप्तर

१९९९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेच्या सेनाखात्याने वॉशिंग्टनजवळील पेंटॅगॉन या आपल्या मुख्य कचेरीत एक लहानसा समारंभ केला. छत्तीस वर्षांपूर्वी मरण पावलेल्या एका सार्जंटाच्या कुटुंबीयांस त्या दिवशी तीन पदके देण्यात आली: एक सद्वर्तनाचे, एक जिंकलेल्या मुलखात बंदोबस्तावर राहिल्याबद्दलचे आणि एक युद्धकाळात अमेरिकेच्या विभागात नोकरी बजावल्याबद्दलचे. शिपायांच्या जगात ही तिन्ही पदके अगदी सामान्य समजली जातात. नवल इतकेच की, ज्याच्या नावे ती देण्यात आली त्या एडवर्ड कार्टरला त्या देशातील शौर्याचे सर्वश्रेष्ठ पदक, 'मेडल ऑफ ऑनर', १९९७ सालीच मरणोत्तर मिळालेले होते. मस्तकी मुकुट चढला आणि पायांत वहाणा घालावयाच्या राहिल्या, असा हा प्रकार. परंतु कार्टरच्या घरच्या माणसांस त्या मुकुटापेक्षा या वहाणांचे मोल अधिक वाटले असेल तर त्यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. कार्टरच्या शौर्याविषयी कोणी शंका घेतली नव्हती. शंका घेतली गेली ती त्याच्या इमानाविषयी, आणि सद्वर्तनाचे पदक हे इमानाचे पदक आहे.

या कार्टरच्या बालपणाचा काही काळ आपल्याच देशात गेला, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्याचा बाप कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी, आई कलकत्त्याची. १९१६ साली लॉस अँजेलिस येथे जन्मलेला हा मुलगा प्रथम हिंदुस्थानात आणि नंतर शांघाय शहरात वाढला. १९३२ साली जपान्यांनी शांघायवर हल्ला केला तेव्हा पोराने घरातून पळ काढून चिनी फौजेत नाव घातले. वय उघडकीस आल्यावर त्यास परत पाठविण्यात आले. पुढे तो स्पेनमधील यादवी युद्धात लोकशाही पक्षाच्या बाजूने, अमेरिकन स्वयंसेवकांच्या लिंकन ब्रिगेडमध्ये लढला. १९४१ च्या सप्टेंबरात तो अमेरिकन सैन्यात दाखल झाला तेव्हा लढाईचा इतका अनुभव गाठीस असलेला रंगरूट त्या छावणीत दुसरा क्वचितच असेल. वर्षाच्या आत तो स्टाफ सार्जंट झाला. पण त्या काळी अमेरिकन फौजेत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी निराळ्या असत आणि काळ्यांच्या वाट्यास बहुधा ओझी वाहण्याची, मोटारी हाकण्याची कामे येत. कार्टरच्या वाट्यास मालमोटारींची कंपनी आली.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी आर्देनच्या रानात अखेरची मुसंडी मारली आणि अमेरिकन पायदळाची अतोनात हानी झाली, तेव्हा अडला हरी या न्यायाने पिछाडीच्या काळ्या शिपायांस लढाईसाठी स्वेच्छेने पुढे येण्याची परवानगी मिळाली. अट एकच: वरचा हुद्दा सोडून यावे. गोऱ्या शिपायावर काळ्याने हुकूम चालवू नये, हा त्यातील मतलब. कार्टरने सार्जंटाच्या फिती उतरविल्या आणि तो साधा शिपाई झाला.

२३ मार्च १९४५ रोजी जर्मनीतील श्पायर गावाजवळ त्याच्या तुकडीच्या रणगाड्यावर एका मोठ्या गुदामाच्या दिशेने मारा झाला. कार्टर तिघांस बरोबर घेऊन उघड्या शेतातून त्या गुदामाकडे निघाला. एक गडी वाटेतच ठार झाला. उरलेल्या दोघांस त्याने मागे फिरविले, त्यांपैकी एक मेला व एक जखमी झाला. कार्टर एकटाच पुढे सरकत राहिला, पाच ठिकाणी जखमी झाला, आणि शेवटी त्यास एका आडोशाला निपचित पडून राहावे लागले. दोनेक तासांनी आठ जर्मन शिपाई त्यास पकडावयास आले. त्यांपैकी सहांस त्याने मारले आणि उरलेल्या दोघांची ढाल करून तो तेच शेत ओलांडून परत आला. त्या दोन कैद्यांकडून शत्रूच्या ठाण्यांची जी माहिती मिळाली ती पुढच्या चढाईस उपयोगी पडली. या कामगिरीबद्दल त्यास 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हे दुसऱ्या प्रतीचे पदक मिळाले.

आता दप्तराकडे वळू. कार्टरच्या नावाची दप्तरे एक नव्हती, दोन होती. एकात त्याची नोकरी, बढत्या, जखमा व पदक यांची नोंद. दुसरे हेरखात्याचे, ते युद्ध चालू असतानाच उघडले गेले होते. स्पेनमध्ये तो कोणाच्या बाजूने लढला, चीनमध्ये कोठे होता, कोणत्या जेवणावळीस हजर राहिला, असल्या बाबी त्यात साठत गेल्या. त्याने राजद्रोह केल्याचा एकही पुरावा त्या दप्तरात नव्हता; पण संशयास पुरावा लागत नाही, त्यास केवळ पाने लागतात, आणि पाने तर वाढतच होती. १९४९ च्या सप्टेंबरात कार्टरची मुदत भरली व तो पुन्हा नाव घालावयास गेला, तेव्हा त्यास नकार मिळाला. कारण सांगण्यात आले नाही. त्याने पत्रे लिहिली, वकील पाहिला. उपयोग झाला नाही. टायर दुरुस्तीच्या कारखान्यात काम करून त्याने उरलेली वर्षे काढली आणि १९६३ च्या जानेवारीत, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तो फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. दोन दप्तरांपैकी एकाने दुसऱ्यास गिळले.

त्याच्या सुनेने पुढे चिकाटीने सरकारी कागद मागविले, ते वाचले आणि कुटुंबाने दुरुस्तीचा अर्ज केला. हा अर्ज ज्या मंडळापुढे जातो त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. पूर्वी अमेरिकेत शिपायाच्या नोंदीत चूक राहिली तर ती सुधारण्याचा मार्ग म्हणजे आपल्या प्रतिनिधीस गाठून काँग्रेसमध्ये स्वतःच्या नावाचे खाजगी विधेयक आणविणे! एका पदकासाठी वा एका शेऱ्यासाठी राष्ट्राच्या कायदेमंडळाने बसावयाचे, हे फार दिवस चालणे शक्य नव्हते. १९४६ साली काँग्रेसने आपल्या कामाची पुनर्रचना करणारा कायदा केला तेव्हा असल्या विधेयकांस बंदी घातली आणि चूक दुरुस्त करण्याचा व अन्याय दूर करण्याचा अधिकार सेनाखात्याच्या मंत्र्यांस दिला. हा अधिकार त्यांनी मुलकी अधिकाऱ्यांच्या मंडळामार्फत वापरावा, असेही त्यात घातले. लष्कराची चूक लष्कराच्याच माणसांनी तपासू नये, ही योजना आम्हांस शहाणपणाची वाटते. मात्र मंडळ आरंभी असे धरून चालते की कागदावर आहे ते बरोबर आहे. ते चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर.

आणि चुका तर ढिगाने होत्या. दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक कोटी साठ लाख अमेरिकन गणवेषात होते आणि जपान शरण येताच प्रत्येकास घरी जाण्याची घाई झाली. सुटकेचे कागद कारकुनांनी भराभरा टंकलिखित केले. जे सुटले ते सुटले. शिवाय कित्येक पदके तेव्हा अस्तित्वातच नव्हती. मोहिमांच्या पदकांच्या फिती युद्धकाळात दिल्या गेल्या, पण प्रत्यक्ष पदके १९४७ च्या सुमारास पाडली गेली. जिंकलेल्या मुलखातील बंदोबस्ताचे पदक १९४६ साली स्थापन झाले. १९४७ साली आणखी असे ठरले की, युद्धात पायदळाचा लढाऊ बिल्ला ज्यास मिळाला तो 'ब्राँझ स्टार' पदकासही पात्र समजावा. परंतु त्यासाठी अर्ज करावयास हवा होता. ज्याच्या कानी ही वार्ता गेली त्याने अर्ज केला. जो कोठे आयोवात मका पेरीत होता त्याच्या कानी ती बहुधा गेलीच नाही, आणि त्याचा नातू पन्नास वर्षांनी आजोबांचा कागद चाळू लागला तेव्हा त्यास ती कळली.

अशा नातवंडांच्या वाटेत पुढे एक मोठे संकट उभे राहिले. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस शहराजवळील ज्या इमारतीत ही सारी दप्तरे ठेवली होती तिच्या सहाव्या मजल्यास आग लागली. ती पूर्णपणे विझावयास चार दिवसांहून अधिक लागले. एक कोटी साठ ते ऐंशी लाख दप्तरे नष्ट झाली. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्या शिपायांच्या दप्तरांपैकी शेकडा ऐंशी गेली. त्यांच्या नकला वा सूक्ष्मचित्रे नव्हती. तेव्हापासून एखाद्या शिपायाची नोकरी पुन्हा जुळवावयाची तर पलटणीच्या रोजच्या हजेरीचे कागद, शेवटच्या पगाराच्या पावत्या, इस्पितळाच्या नोंदी आणि पदके जाहीर करणारे फौजी हुकूम यांतून धागा धागा काढावा लागतो. आपल्याकडे १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने घरोघर सनदा मागितल्या तेव्हा वाळवीने खाल्लेल्या पेटाऱ्यांपुढे बसलेल्या इनामदारांची जी अवस्था झाली तिची येथे आठवण होते. भेद इतकाच की, इनाम कमिशनास कागद न सापडण्यात लाभ होता आणि सेंट लुईसच्या कारकुनांस तो सापडावा अशी खरोखरच इच्छा असते.

येथवर झाले ते लिहिलेले पण गाळलेले किंवा जळालेले यांविषयी. जे कधी लिहिलेच गेले नाही त्याची दुरुस्ती कशी व्हावी? आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते; 'मेडल ऑफ ऑनर' चारशेंहून अधिक शिपायांस मिळाले; त्यांत कृष्णवर्णीय एकही नव्हता. तसा नियम कोठे नव्हता. नियम असता तर तो रद्द करता आला असता. १९९३ साली सेनाखात्याने उत्तर कॅरोलायनातील शॉ विद्यापीठाकडे याचा तपास सोपविला. संशोधकांनी कचेऱ्या धुंडाळल्या. वरच्या पदकासाठी काळ्या शिपायाची शिफारस केल्याचा कागद त्यांस मिळाला नाही. रणगाड्यावर लढणारा रूबेन रिव्हर्स १९४४ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये पडला. त्याचा गोरा कप्तान अखेरपर्यंत सांगत राहिला की, आपण दुसऱ्याच दिवशी शिफारस केली होती. ती कोठे नाहीशी झाली याचा पत्ता नाही. मुदत केव्हाच संपलेली असल्यामुळे १९९६ साली काँग्रेसने कायद्याने ती सैल केली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांस पदक जाहीर झाले. कार्टर व रिव्हर्स त्यांतलेच. सातांपैकी जिवंत एकच होता, व्हर्नन बेकर.

बेकरची कामगिरी ५ व ६ एप्रिल १९४५ ची, इटलीतील व्हियारेज्जोजवळच्या डोंगरातली. त्याच आठवड्यात, ९ एप्रिलला, इटलीतच सेनिओ नदीच्या काठी मराठा पलटणीचा शिपाई नामदेव जाधव याने सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमी सोबत्यांस वाहून आणले व शत्रूची मशिनगनची ठाणी बंद पाडली. अहमदनगर जिल्ह्यातील या तरुणास त्याच वर्षी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बेकरला बावन्न वर्षे वाट पाहावी लागली. म्हणून इंग्रजांची न्यायबुद्धी थोर होती असे कोणी समजू नये. १८५६ साली निघालेला तो क्रॉस हिंदी शिपायांस १९११ पर्यंत नियमानेच बंद होता, आणि दिल्ली दरबारात तो खुला झाला त्यामागे राजकारण होते. तरीपण लिखित अन्याय एका जाहीरनाम्याने जातो आणि अलिखित अन्यायास पन्नास वर्षे नुसता शोधावा लागतो, हे या दोन शिपायांकडे पाहून पटते.

पहिल्या महायुद्धातील हेन्री जॉन्सनची कथा याहून लांबलेली आहे. न्यूयॉर्कमधील ऑल्बनीच्या स्टेशनावर हमाली करणारा हा गृहस्थ. १९१८ च्या मे महिन्यातील एका रात्री फ्रान्समध्ये पहाऱ्यावर असताना जर्मन टोळी चालून आली. गोळ्या संपल्यावर त्याने सुरा हाती घेतला, जखमी सोबत्यास शत्रूच्या हाती जाऊ दिले नाही, आणि एकवीस जखमा अंगावर घेतल्या. त्याची पलटण फ्रेंचांच्या हुकमाखाली होती. फ्रेंचांनी आपले 'क्रॉ द गेर' पदक दिले. स्वदेशाने काही दिले नाही. १९२९ साली तो वारला. जखमींस मिळणारे 'पर्पल हार्ट' त्यास १९९६ साली, दुसऱ्या प्रतीचे पदक २००२ साली आणि सर्वश्रेष्ठ पदक २०१५ साली मिळाले. शेवटच्या पदकासाठी जो पुरावा कामी आला त्यात लढाईनंतर लवकरच सेनापती पर्शिंगने धाडलेला एक खलिता होता. नव्वदांहून अधिक वर्षे तो दप्तरातच पडून राहिला होता.

या प्रकरणी वर्षानुवर्षे खटपट करणाऱ्यांत हर्मन जॉन्सन हा वैमानिकांच्या तुकडीत नोकरी केलेला वृद्ध शिपाई होता. हेन्री आपला बाप, असे तो आयुष्यभर मानीत आला होता. २००२ चे पदक त्यानेच स्वीकारले. पुढे सर्वश्रेष्ठ पदकाच्या वेळी सेनाखात्याने कागद पुन्हा तपासले, तेव्हा त्या दोघांत रक्ताचे नाते नसल्याचे निघाले. हर्मन तोवर निवर्तला होता. २ जून २०१५ रोजी अध्यक्ष ओबामांनी 'मेडल ऑफ ऑनर' दिले तेव्हा ते घ्यावयास हेन्री जॉन्सनच्या रक्ताचे कोणीही आढळले नव्हते. न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डचा एक सार्जंट मेजर पुढे झाला आणि त्याने ते हाती घेतले.