गुडघेदुखी आणि समुद्राचं औषध

आमच्या गटाच्या बैठकीत एक काकू कागदाची पुडी घेऊन आल्या. आत पांढरट पावडर. आठवडी बाजारात चादर अंथरून बसणाऱ्या एका औषधवाल्याकडून घेतलेली. त्याच्या चादरीवर शंख, कवड्या, समुद्रफेस आणि वाळलेला घोडमासा मांडलेला असतो. ‘चिनी लोक हेच खातात, म्हणून म्हातारपणीही उकिडवे बसतात,’ असं तो सांगतो. काकू तीन महिने ती पावडर घेत होत्या आणि गुडघा खरंच हलका झाला होता. आम्ही शंका काढल्यावर त्या म्हणाल्या, ‘मला आराम पडलाय, मग तुम्ही नाकं का मुरडता?’ प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना आम्हाला जे कळलं ते आज सांगतो.

आपला मुलूख समुद्रापासून लांब, तरी समुद्राचं औषध आपल्याकडे नवं नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण, कऱ्हाडकडे सुकं मासळं येतं. आराधी बायकांच्या गळ्यातली कवडीही समुद्राचीच. आयुर्वेदात शंख, कवडी, मोत्याची शिंप आणि प्रवाळ यांची भस्मं आहेत. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस म्हणजे फेस नव्हेच, ते माकूल माशाच्या पाठीतलं हाड. तो मेल्यावर ते हलकं हाड तरंगत किनाऱ्याला लागतं, म्हणून फेस हे नाव पडलं असावं.

गंमत अशी, की हेच हाड चिनी वैद्यही शेकडो वर्षं वापरत आले. ली शिजेन नावाच्या चिनी वैद्याचा मोठा औषधग्रंथ १५९६ साली छापला गेला. त्यात जवळजवळ १९०० औषधी वस्तू आहेत, त्यांत माकुलाचं हाड आहे, कालवाची शिंप आहे आणि घोडमासाही आहे. पोटातल्या आंबटपणावर शिंपा आणि हाड द्यायचे, तसं आपल्याकडे अम्लपित्तावर शंखभस्म देतात. हे का चालतं ते सरळ आहे. शिंप, शंख, माकुलाचं हाड यांत मुख्यतः चुनखडीचाच पदार्थ असतो आणि चुना आंबटपणा मारतो. पण गुडघ्याची सूज आणि कळ ही वेगळी गोष्ट. तिथे चुन्याचं काम नाही, म्हणून तिथला दावा निराळा तपासावा लागतो.

तो तपासतात कसा? आधी उंदरांवर. १९६२ पासून चालत आलेली एक रीत आहे. उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन नावाचा पदार्थ टोचतात. पंजा सुजतो. मग एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि कुणाची सूज किती हे मोजतात. हा कॅराजीनन लाल रंगाच्या समुद्री शेवाळातून काढतात, म्हणजे सूज आणणारंही समुद्राचंच! शिंपले, समुद्रकाकडी अशा कितीतरी जिवांचे अर्क जगभर या रीतीने तपासले गेले आणि काहींनी पंजाची सूज कमीही केली. पण उंदराचा पंजा काही तासांसाठी सुजवलेला असतो. आपला गुडघा वीस वर्षं उसात वाकून, डोक्यावर हंडे वाहून झिजलेला असतो. पंजावरून गुडघ्यावर एकदम उडी मारता येत नाही.

समुद्रातून वेदनेचं खरोखरचं औषध मिळालं, नाही असं नाही. शंकूच्या आकाराच्या एका समुद्री गोगलगाईच्या विषावरून बनवलेल्या झिकोनोटाइड या औषधाला अमेरिकेत २००४ साली परवानगी मिळाली. पण ते थेट पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडावं लागतं, तेही दुसऱ्या कशानेच न थांबणाऱ्या वेदनेत. आणि याच जातीतल्या काही गोगलगाईंच्या दंशाने माणसं मेलेली आहेत. ‘समुद्राचं, म्हणजे निसर्गाचं, म्हणजे निरुपद्रवी’ हे गणित चुकतं ते असं.

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट. पुणे जिल्ह्यात, सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे. १९९० च्या दशकात पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघरी जाऊन विचारलं, कुणाचं काय दुखतं? ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. म्हणजे शंभरात अठरा. सांधे वाकडे करणारा आमवात मात्र दोनशेत साधारण एकालाच. बाकी बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं नाहीतर झिजेचं. आम्हाला हे वाचून पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपल्यासारख्यांना विचारलं तरी.

याच डॉक्टरांनी पुढे भारत सरकारच्या प्रकल्पात आयुर्वेदिक औषधांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले. गुडघ्याची झीज झालेले ४४० रुग्ण, चार गट, चोवीस आठवडे. दोन गटांना सुंठ, गुळवेल, आवळा यांची आयुर्वेदिक औषधं, त्यातल्या एकात सालईचा डिंकही. तिसऱ्या गटाला सेलेकॉक्सिब ही आजकालची वेदनाशामक गोळी. चौथ्याला ग्लुकोसामाइन, आणि हे बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात. म्हणजे आपल्या रानातलं औषध, कारखान्यातली गोळी आणि समुद्राचं कवच असा सामना लागला. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नव्हतं.

निकाल? चारही गटांत दुखणं साधारण सारखंच कमी झालं. आपल्या सुंठ-गुळवेलीने बरोबरी केली, म्हणून आम्हाला आनंद झाला. पण त्याच अहवालात पुढे लिहिलं आहे, की आयुर्वेदिक गटातल्या सात जणांच्या रक्तात यकृताची एक तपासणी वाढलेली निघाली. त्यांना त्रास काही जाणवत नव्हता. औषध थांबवल्यावर ती तपासणी पूर्ववत झाली. रक्त तपासलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. आम्हाला हा भाग निकालापेक्षा मोठा वाटतो. आपलं औषध, म्हणून त्याची चूक झाकली नाही.

एक उणीव मात्र आम्हाला दिसते. या चाचणीत कोरी गोळी घेणारा गट नव्हता. कोरी म्हणजे दिसायला औषधासारखी, आत औषध काहीच नाही. त्याने काय फरक पडतो? अमेरिकेत २००६ साली १,५८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवर ग्लुकोसामाइन तपासलं. त्या चाचणीत कोरी गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात साठ जणांचं दुखणं बऱ्यापैकी कमी झालं. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांत चौसष्ट. हा फरक इतका थोडा, की औषधाचा म्हणता येईना. कोऱ्या गोळीने साठ जणी खोटं बोलल्या असं नाही. दुखणं आपोआप कमी-जास्त होतं, कुणी विचारपूस केली की हलकं वाटतं. काकूंच्या ‘आराम पडला’ला उत्तर हेच: आराम खरा, पण तो पुडीचाच हे त्यातून ठरत नाही.

सांगलीच्या हळदीवरूनही असाच घोळ होतो. अमेरिकेत जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं गेलं आणि भारताने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन ते १९९७ साली रद्द करवलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण जुन्या ग्रंथाने एवढंच सिद्ध झालं, की हे ज्ञान नवं नाही. गुण किती, हे ग्रंथ सांगू शकत नाही. चिनी ग्रंथालाही तोच न्याय.

घोडमाशाचं तर आणखी वेगळं. चिनी औषधासाठी त्याची इतकी लूट झाली, की २००१ पासून आपल्याकडे वन्यजीव कायद्याने त्याला पकडणं आणि विकणं गुन्हा आहे.

काकूंना आम्ही पुडीसकट दवाखान्यात नेलं. चेहरा गोल झालेला, साखर वाढलेली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, पुडी किती दिवस? अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्याने दोन-तीन दिवसांत कळ थांबते, पण हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेतलं असेल तर एकदम बंदही करायचं नसतं, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडवावं लागतं. तुमच्यापैकी कुणी घेत असेल तर पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. विकायच्या आयुर्वेदिक औषधावरही बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि आत काय आहे हे छापलेलं असावं लागतं.

पुढच्या बाजारी आम्ही चौघी त्या औषधवाल्याकडे गेलो. पुडीवर नाव का नाही, विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, नाव लिहिलं की औषधाचा गुण जातो.’ काकू सोबत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवीत उरलेल्या तीन पुड्या काढून त्याच्या चादरीवर ठेवणार होत्या, आम्ही त्यांचा हात धरला. डॉक्टरांना हव्या होत्या त्या.