चार जीबी आणि ३१ जुलै

दिवाळी, २०२२

कबुली आधीच देऊन टाकतो. अकोल्यात भाचा सेवा केंद्र चालवतो, आणि त्याच्या जुन्या मशीनवर झेडरॅम बसवलं ते मीच. चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, वर लिनक्स. रॅम भरत आली की बराच वेळ कुणी न विचारलेली पानं, म्हणजे रॅमचे तुकडे, कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवर नेऊन ठेवतं. त्याला स्वॅप म्हणतात. तबकडी धिमी, म्हणून झेडरॅम तीच पानं दाबून रॅमच्याच एका कोपऱ्यात रचून ठेवतं. नितीन गुप्ता यांच्या कॉम्पकॅश या कामातून ते निघालं आणि २०१४ मध्ये ३.१४ क्रमांकाच्या कर्नलमध्ये पक्कं झालं.

भाच्याला मी जिनिंग-प्रेसिंगचा दाखला दिला. सुटी रुई खोलीभर पसरते. प्रेसमध्ये घातली की १७० किलोची गाठ होऊन कोपऱ्यात बसते. गोदाम तेवढंच, माल कितीतरी जास्त.

"म्हणजे मामा, चाराचे आठ झाले?"

"झालेच समज," मी म्हणालो आणि अमरावतीला परत आलो.

३१ जुलै २०२३, सकाळी ८

एक रुपयात पीक विम्याचं पहिलं वर्ष, अर्जाचा शेवटचा दिवस. केंद्र उघडायच्या आधीच पायरीवर माणसं. सोयाबीन, तूर, कपाशी. प्रत्येकाचा सातबारा, आठ-अ, पासबुक, पेऱ्याचं घोषणापत्र. कागद स्कॅन व्हायचे आणि टेम्प फोल्डरमध्ये पडायचे. गर्दीपायी तीन दिवस मशीन बंदच केलेलं नव्हतं.

सकाळी ९:४५

पहिला फोन. "मामा, मशीन जड चालून राह्यली."

झेडरॅमचा हिशोब दाखवणारी आज्ञा त्याला टाइप करायला लावली. त्यानं दोन आकडे वाचले: आत गेलेला माल १.९ जीबी, दाबल्यावर झालेला १.४. मी पहिलाच ऐकला. चारातले दोन भरले, दोन रिकामे, काळजीचं कारण नाही, असं सांगून चहा घ्यायला गेलो. खरा खर्च दुसऱ्या आकड्यात असतो. ब्राउझरची पानं साधारण तिसऱ्या हिश्शावर येतात. इथं पाव भागसुद्धा जेमतेम वाचत होता. प्रेस चालू होता, पण गाठ होत नव्हती.

सकाळी ११:३०

एका टॅबवरून दुसऱ्यावर जायला दहा-बारा सेकंद. रांगेत "सर्व्हर डाऊन"ची कुजबुज. सर्व्हरवर ढकललं की सगळ्यांचंच समाधान होतं; त्या दिवशी त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

दुपारी १२:३०

या फोनवर सगळं निभावलं असतं. भाचा म्हणाला, "मामा, तीन दिवसांचे स्कॅन साचले. उडवून देऊ काय?"

"ते डिस्कवर आहेत. रॅमशी त्यांचा काय संबंध?"

संबंध होता. त्या मशीनवर टेम्प फोल्डर डिस्कवर नव्हतंच. हल्ली कित्येक लिनक्समध्ये ते रॅममध्येच असतं, टेम्पएफएस म्हणतात त्याला. एका शेतकऱ्याचे चार कागद म्हणजे सहा एमबी, दिवसाला ऐंशी शेतकरी, तीन दिवस: जवळजवळ दीड जीबी. एकदा अपलोड झालेल्या या स्कॅनना परत कुणी हात लावत नव्हतं, म्हणून कर्नलनं नियमानं ते झेडरॅमकडे धाडले. पण स्कॅन जेपेग. जेपेग म्हणजे आधीच प्रेसमधून निघालेली गाठ. गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातली तर यंत्र तापतं, गाठ तेवढीच राहते. पान फारसं आकसलं नाही तर झेडरॅम ते जसंच्या तसं अख्खं ठेवून घेतं. म्हणजे रॅममधलं पान रॅममधून काढून रॅममध्येच ठेवलं, आणि मेहनत प्रोसेसरच्या माथी.

दुपारी २:१०

इथं मी हुशारी केली. स्वॅपीनेस नावाचा एक आकडा असतो. कर्नलनं स्वॅपकडे किती ओढ घ्यावी ते तो ठरवतो. नेहमीचा ६०. पूर्वी वरची मर्यादा १०० होती, २०२० मध्ये ५.८ कर्नलपासून २०० झाली, ती झेडरॅमसारख्या वेगवान स्वॅपसाठीच. झेडरॅम असेल तर १८० ठेवा असा सल्ला सर्रास मिळतो. सल्ला खोटा नाही. माल दबणारा असेल तर. मी १८० करायला लावले.

दुपारी ३:०५

माऊसचा बाण गोठला. शेवटी दिसलं ते इतकंच: केस्वॅपडी, म्हणजे रॅम मोकळी करत फिरणारा कर्नलचा कामगार, एक अख्खा कोअर खाऊन बसलेला.

सर्वांत वाईट गोष्ट पडद्यामागे चालली होती. पान झेडरॅमला दिलं की कर्नल आपल्या वहीत "एक पान वसूल" असं लिहितं. ते पान ठेवायला झेडरॅम त्याच रॅममधून दुसरं पान मागून घेतं. वहीत वसुली दिसते, तिजोरी तशीच. आणि वसुली दिसते तोवर कर्नलला संकट आलंय असं वाटत नाही, म्हणून कुणाला तरी मारून जागा करायचा शेवटचा उपायही लांबत जातो. पस्तीस मिनिटं मशीन जिवंतही नव्हतं आणि मेलेलंही नव्हतं.

दुपारी ३:४०

ओओएम किलर आला. रॅम उरलीच नाही की एखादा प्रोग्रॅम मारणारी ही कर्नलची व्यवस्था. क्रोमियम घराण्यातले ब्राउझर आपल्या टॅबना मुद्दाम जादा गुण देऊन ठेवतात, मारायचंच तर आधी यांना मार म्हणून. पाच टॅब, पाच अर्धे भरलेले अर्ज, एका मिनिटात गेले. अर्जामागे केंद्राला मिळायचे ४० रुपये, पण समोर उभा असलेला माणूस रुपये मोजत नव्हता. तो पहाटेच्या एसटीनं आलेला होता.

दुपारी ३:५५

भाच्यानं मला न विचारता स्कॅन उडवले. दोन सेकंदांत मशीन मोकळं. "चाललं मामा," एवढंच म्हणाला. त्यानं जास्त बोलायला हवं होतं.

रात्री ९

आता डोकं ताळ्यावर आलं. दाबायची पद्धत बदलावी, एलझेडओ काढून झेडस्टँडर्ड लावावं, असं दुपारी मनात होतं. त्यानं काडीचा फरक पडला नसता. जेपेग कोणत्याही प्रेसमध्ये जेपेगच. न दबणारी पानं डिस्कवर काढून टाकायची सोय झेडरॅममध्ये २०१७ पासून, ४.१४ कर्नलपासून आहे. मी ती कधी चालू केली नव्हती. रॅमसाठी प्रोग्रॅम किती वेळ ताटकळतायत ते सांगणारं पीएसआय २०१८ च्या ४.२० मध्ये आलं. ते वाचून वेळेत टॅब बंद करणारी सेवा बसवता आली असती. स्वॅपमधून एका हाकेला आठ-आठ पानं ओढून आणायची रीत तबकडीसाठी शहाणपणाची. झेडरॅमवर एकेकच आणावं. टेम्प डिस्कवर नेलं, स्वॅपीनेस शंभरावर उतरवला, झेडरॅमला दीड जीबीचं कुंपण घातलं. हे सगळं फोनवरून, आणि या वेळी दोन्ही आकडे ऐकून.

अर्जाची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली. परत गेलेली माणसं पुन्हा आली. पुढच्या आठवड्यात भाच्यानं चार जीबीची आणखी एक स्टिक आणली. पैसे मी दिले.