पाठ-संपादनातील नमुनाधारित आज्ञांचा इतिहास : अहिल्यानगर नामांतराच्या संदर्भात

प्रस्तावना :
सन २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. संगणकावरील मजकुरात हा बदल सर्वत्र करण्यास एक आज्ञा पुरेशी आहे. परंतु तो नेमका कोणत्या ओळींत करावयाचा, हा इतिहास-अभ्यासकापुढील खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने संपादन-आज्ञांच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

आज्ञांचा विकास :
अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्यांचा गणिती अभ्यास करताना चिन्हक्रमांचे नमुने सूत्ररूपाने मांडले. केन थॉम्पसन यांनी ही सूत्रे ‘क्यूईडी’ या पाठ-संपादकात आणली व आपली शोधपद्धती १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे युनिक्स प्रणालीच्या ‘ईडी’ संपादकात ‘जी’ ही आज्ञा नमुन्याशी जुळणाऱ्या, तर ‘व्ही’ न जुळणाऱ्या ओळी निवडू लागली. ‘जी’ प्रथम सर्व जुळणाऱ्या ओळींवर खूण करते. त्यानंतरच त्या ओळींवर ‘एस’ ही शब्दबदलाची आज्ञा चालते. म्हणजेच निवड आणि बदल या दोन स्वतंत्र क्रिया ठरल्या.

या परंपरेचा इतिहास-संशोधनाशी थेट संबंध आहे. ब्रायन कर्निहन यांच्या कथनानुसार, ली मॅकमहन हे १७८७-८८ मधील ‘फेडरलिस्ट’ निबंधांच्या लेखकत्वाचा शोध घेत होते. तो मजकूर ‘ईडी’त मावेना, म्हणून थॉम्पसन यांनी ‘ग्रेप’ हे शोधसाधन सिद्ध केले. पुढे मॅकमहन यांनी ‘सेड’ हा ओळी-ओळींनी मजकूर बदलणारा संपादक रचला.

नामांतर आणि नमुना :
ग्रंथसूचीतील आजचा पत्ता बदलणे योग्यच. परंतु १८८४ च्या ‘अहमदनगर’ गॅझेटियरचे शीर्षक बदलल्यास त्या नावाचा ग्रंथच सापडणार नाही. पंडित नेहरूंच्या १९४२ ते १९४५ मधील कारावासाच्या मूळ कागदपत्रांतही ‘अहमदनगर किल्ला’ हाच उल्लेख राहावयास हवा. गुजरातेतील हिंमतनगरचेही पूर्वीचे नाव अहमदनगरच होते. सरसकट बदलाने तेथील इतिहास आपल्या जिल्ह्यात येऊन पडेल. केवळ ‘नगर’ हा नमुना घेतल्यास ‘श्रीनगर’चे ‘श्रीअहिल्यानगर’ होईल. याउलट ‘अहमदनगर’ हा नमुना ‘अहमदनगरच्या’ या रूपाशी जुळतो. परंतु बोलीतील ‘नगर जिल्हा’ त्यातून निसटतो. म्हणून ‘जिल्हा :’ने आरंभ होणाऱ्या ओळी ‘जी’ने निवडाव्यात, त्या प्रथम केवळ छापून वाचाव्यात आणि मगच त्यांवर बदल करावा. मूळ प्रत स्वतंत्र जतन करावी.

निष्कर्ष :
नमुना अक्षरे ओळखतो, काळ आणि संदर्भ ओळखत नाही. याच जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची एकनाथांनी शके १५०६ मध्ये संशुद्धी केली आणि परंपरेनुसार, तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. साधन बदलले तरी संपादकाची ही जबाबदारी कायम आहे. कोणती ओळ बदलावी याइतकेच कोणती बदलू नये, हेही त्यालाच ठरवावे लागते.