तारेचा आवाज आणि पडद्याआडची परीक्षा

काही वर्षांपूर्वी आमच्या एका स्नेह्यांनी गाणे ऐकण्याच्या आपल्या यंत्राला नवी तार जोडली आणि आम्हांस ऐकावयास बोलाविले. तार म्हणजे ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी; जाडजूड, सापाच्या कातीसारखे वेष्टण चढविलेली. तिची किंमत त्यांनी सांगितली नाही, पण वहिनींच्या चेहऱ्यावरून ती आम्हांस साधारण कळली. ख्यालाची एक जुनी ध्वनिमुद्रिका लागली. तंबोरा पूर्वीपेक्षा जवळ सरकल्यासारखा, गायकाचा श्वास वेगळा उमटल्यासारखा आम्हांस खरोखरच वाटला, आणि तसे आम्ही बोलूनही दाखविले. घरी परतताना मात्र मनात शंका आली. ह्या विषयाचा इतिहास आम्ही वाचू लागलो तो त्या शंकेमुळे.

तारेने आवाजात फरक पडतो ही समजूत मुळात खोटी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. स्पीकरचा विद्युत्-रोध सामान्यतः आठ ओहमच्या आसपास धरतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दहा मीटरवर ठेवलेल्या स्पीकरपर्यंत जाऊन येऊन वीस मीटर तांबे लागते. ही तार अगदी बारीक, ०.२ चौरस मिलिमीटरची असेल तर तिचाच रोध १.७ ओहम होतो. म्हणजे शक्तीचा सहावा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो. शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसल्यामुळे आवाजाचा रंगही थोडा पालटतो. आता त्याच जागी घरातल्या प्लगसाठी वायरमन ओढतो ती ‘अडीच एमएम’ची साधी तार घाला. रोध ०.१४ ओहमवर येतो आणि प्रश्न मिटतो. वायरमनच्या पिशवीतल्या तारेने तो मिटतो, हे ध्यानात ठेवावे.

१९७९ साली अमेरिकेत नोएल ली ह्यांनी ‘मॉन्स्टर केबल’ ही कंपनी काढली आणि जाड तार हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला. तोपर्यंत स्पीकरला दिव्यासाठी वापरतात तसलीच तार लोक जोडीत. तीत सुधारणेला जागा होती. पण जाडीचा फायदा एकदा पदरात पडला, की तार आणखी जाड करून काही हाती लागत नाही. तेव्हा गोष्ट तांब्याच्या शुद्धतेवर गेली, मग त्याच्या स्फटिकांवर, मग तार कोणत्या दिशेने जोडावी ह्यावर, आणि अखेरीस ती जमिनीला टेकू नये म्हणून खाली ठेवावयाच्या चिनी मातीच्या टेकूंवर. पायरीगणिक किंमत चढली आणि पदार्थविज्ञानाचा आधार सुटत गेला.

१९९०च्या सुमारास तर दोन नामी गोष्टी घडल्या. कॉम्पॅक्ट डिस्कची कडा हिरव्या शाईने रंगविली तर संगीत खुलते, असे शहाणीसुरती माणसे सांगू लागली. त्या तबकडीवर स्वर नसतात, आकडे असतात. वाचताना चुकलेले आकडे दुरुस्त करण्याची सोय तिच्या रचनेतच केलेली असते. कडा हिरवी असो वा पांढरी, आकडे तेच बाहेर पडतात. दुसरी गोष्ट ‘टाइस’ घड्याळाची. हे विजेवर चालणारे घड्याळ घरातल्या विजेच्या जोडणीला नुसते लावून ठेवले की यंत्राचा आवाज सुधारतो, असा दावा होता. घड्याळ वेळ बरोबर दाखवीत असे, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

श्रोतेहो, येथे हसून पुढे जाणे सोपे आहे. पण संशयवाद्यांनीही पचवावी अशी एक जुनी कथा आहे. तिच्यासाठी आणखी बरेच मागे गेले पाहिजे.

१९१२ साली थॉमस एडिसनने हिऱ्याच्या सुईवर चालणारी जाड तबकडी पुढे आणली. एडिसनला कानाने फार कमी ऐकू येई; तो फोनोग्राफच्या लाकडाला दात लावून ध्वनी पारखीत असे, आणि कोणत्या गायकाची तबकडी काढावयाची हेही पुष्कळदा तोच ठरवी! १९१५ पासून त्याच्या कंपनीने गावोगाव ‘टोन टेस्ट’ नावाचे कार्यक्रम लावले. रंगमंचावर यंत्र, शेजारी गायिका. दोघांचा आवाज एकदम सुरू होई. मध्येच गायिका ओठ मिटून घेई आणि गाणे चालूच राही. पुष्कळदा दिवे मालवीत. पुन्हा लावले की रंगमंचावर यंत्र तेवढे उरलेले असे. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १९१६ साली मेरी रॅपल्ड ह्या गायिकेसह असा प्रयोग झाला. दहाएक वर्षांत असे हजारो कार्यक्रम झाले आणि यंत्र कोठे सुरू झाले ते कळले नाही, असे असंख्य श्रोत्यांनी सांगितले.

त्या तबकड्या आज ऐकता येतात. त्या कर्ण्यात गाऊन भरलेल्या आहेत. विजेचा मायक्रोफोन त्या काळी ध्वनिमुद्रणात आला नव्हता. त्यांत खर्ज जवळपास नाही, वरच्या बाजूची झळाळी नाही, मागे सुईची खरखर आहे. जिवंत कंठाशी त्यांचा मेळ बसतो असे आज शाळकरी मूलही म्हणणार नाही. मग ते श्रोते खोटे बोलत होते काय? तसे मानावयास आधार नाही. ह्या कार्यक्रमांतून गाजलेल्या अॅना केस हिने १९७२ साली, वार्धक्यात, सांगून टाकले की आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजासारखा करून गात होतो. पण तेवढ्याने सगळे उलगडत नाही. बाकीचे काम अपेक्षेने केले. हिरव्या शाईवाल्यांना नसलेला फरक ऐकू आला, कार्नेगी हॉलमधल्या मंडळींना असलेला ऐकू आला नाही. ‘मला फरक वाटला नाही, म्हणून तो नाहीच’ असे म्हणणाऱ्याची बाजूही त्यामुळे फारशी बळकट राहत नाही.

ह्यातून वाट काढणारी रीत साधी आहे. एक यंत्र ‘अ’, दुसरे ‘ब’. तिसऱ्या खेपेस त्या दोहोंपैकी कोणते तरी एक, परीक्षा घेणाऱ्यालाही न कळेल असे, लावावयाचे आणि ते कोणते हे ऐकणाऱ्याने सांगावयाचे. ह्या पद्धतीचा पाया बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर ह्यांनी १९५० साली घातला. १९८२ साली डेव्हिड क्लार्क ह्यांनी घरगुती यंत्रांच्या परीक्षेसाठी तिचे खास उपकरण मांडले. सोळांपैकी बारा उत्तरे बरोबर आली, तर ते नुसत्या नशिबाने घडण्याचा संभव सव्विसांत एक. एक पथ्य मात्र कडक: दोन्हींचा आवाज मोजून समान केला पाहिजे. किंचित मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, अधिक चांगला वाटतो. दुकानदार हे जाणून असतात.

श्रद्धावानांचा आक्षेप असा, की परीक्षेच्या ताणात कान मिटतात. फरक कळतो तो महिनोन् महिने घरी निवांत ऐकून. हा आक्षेप आम्हांस पोरकट वाटत नाही. पण ही परीक्षा घरीही घेता येते, हवा तेवढा वेळ लावून घेता येते. तिला एकच गोष्ट चालत नाही: तार कोणती हे आधी ठाऊक असणे.

२००७ साली प्रकरण उघड्यावर आले. ‘पेअर’ कंपनीच्या ‘अँजू’ नावाच्या बारा फुटी तारांच्या जोडीची किंमत होती ७,२५० डॉलर, त्या वेळच्या भावाने जवळजवळ तीन लाख रुपये. जादूगार जेम्स रँडी ह्यांनी जाहीर केले, की ही तार आणि चांगली साधी तार ह्यांतला फरक पडद्याआडून ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. एक नामांकित समीक्षक तयारही झाले. पुढे कोणती तार, कोणी पुरवावयाची, ह्यावरून बोलणी फिसकटली आणि परीक्षा झालीच नाही. दोन्ही पक्ष एकमेकांना दोष देत राहिले. आमच्या मते हानी श्रद्धावानांची झाली, कारण जिंकण्यासारखे त्यांच्याच बाजूला होते.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही स्नेह्यांकडे गेलो आणि भीतभीतच सुचविले. त्यांच्या मुलाने कपाटाआड बसून नाणे उडवून तारा बदलावयाच्या, आम्ही दोघांनी कागदावर लिहावयाचे. दहा खेपा झाल्या. आमची पाच उत्तरे बरोबर आली, त्यांची चार. कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. ‘‘अहो, एवढे पैसे गेले ते आता काही परत येत नाहीत,’’ वहिनी चहा ठेवीत म्हणाल्या. स्नेही म्हणाले, ‘‘मला ऐकू येते ते येते. तुम्ही तुमचे नाणे उडवीत बसा.’’

ती तार अजून त्यांच्याकडेच आहे. परवा पुन्हा गेलो होतो. तीच ध्वनिमुद्रिका लागली, आणि खरे सांगावयाचे तर तंबोरा आम्हांसही जरा जवळच ऐकू आला.