यंत्र जुने झाले, असे कोण ठरवते?



कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. परंतु यंत्र आणि यंत्रापुढे उभा असलेला माणूस यांच्या नात्याचा विचार मी तीस वर्षे करीत आलो आहे, आणि त्यातला एक प्रश्न आमच्या कचेरीतल्याच संगणकाने माझ्यापुढे टाकला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. आमच्या सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब आणि थकलेल्या वेतनाच्या दाव्यांचे कागद ज्या संगणकावर आहेत, तो २०१३ सालचा. विंडोज ११ त्याला घेईना. यंत्र सुरू होत होते, अक्षरे उमटत होती, छपाई होत होती; दुकानदार मात्र म्हणाला, "साहेब, हे आता भंगारात टाका." काल काम करणारे यंत्र एका रात्रीत भंगार कसे झाले? याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आज आपल्यापुढे मांडतो.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा मुकादम. कोणत्या कामाला मेमरीत किती जागा द्यायची, प्रोसेसरपुढे कोणाची पाळी आधी लावायची, डिस्कवर काय कोठे ठेवायचे, हे सारे तो ठरवतो. नवा मुकादम नव्या कारखान्याच्या सवयी घेऊन येतो. त्याला जुन्या कारखान्यात आणले की दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली जागेची. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आले, तेव्हा ३८६ जातीचा प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट मेमरी पुरेल असे सांगितले गेले. पुरत होती, पण कशी? मेमरीत न मावणारा माल मुकादम सारखा डिस्कवर नेऊन ठेवी आणि लागला की परत आणी. डिस्क घरघरत राही आणि माणूस वाट पाहत बसे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात. नव्या प्रणालीने जुन्याला ठाऊक नसलेली आज्ञा केली, तर काम मंद होत नाही, ते थांबते.

या दोन्ही अडचणी जिच्या चरित्रात दिसतात, ती लिनक्स. इंटेल कंपनीने ३८६ प्रोसेसर १९८५ साली आणला. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या ३८६ वर एक प्रणाली लिहावयास घेतली आणि २५ ऑगस्टला ती गोष्ट जाहीर केली. आपले लिखाण याच यंत्रापुरते आहे, असे तो सांगत होता. पुढे जगभरच्या माणसांनी तिला हात लावला आणि खिशातल्या फोनपासून महासंगणकापर्यंत ती पोहोचली.

डिसेंबर २०१२ मध्ये त्याच लिनक्समधून ३८६ ला रजा मिळाली. इन्गो मोल्नार या प्रोग्रामरने चारशेहून अधिक ओळी काढून टाकणारा बदल पाठवला आणि टोरवाल्ड्सने तो हळहळ न करता स्वीकारला. ज्या जातीच्या यंत्रावर लिनक्सचा जन्म झाला, त्या जातीवर नवे लिनक्स चालेनासे झाले.

कारण काय? १९८९ च्या ४८६ मध्ये अशी एक आज्ञा आली, की मेमरीतले मूल्य तपासणे आणि जुळल्यास बदलणे ही दोन्ही कामे एका दमात व्हावीत, मध्ये दुसऱ्या कोणाचा हात शिरू नये. ३८६ ला ती ठाऊक नव्हती. म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या वाटा लिहून ठेवाव्या लागत आणि गाभ्यात काही बदलले की त्या वाटाही तपासाव्या लागत. इंटेलने ३८६ चे उत्पादन २००७ सालीच थांबवले होते. येथे कोणाला नवा माल खपवायचा नव्हता. सांभाळणाऱ्यांवरचा भार उतरवायचा होता.

कामगार चळवळीतल्या माणसाला ही गोष्ट चटकन उमगते. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला, त्यामागे दोन साच्यांऐवजी तीन साचे एकाच विणकराने सांभाळावेत ही मागणी हे एक कारण होते. यंत्र तेच, प्रश्न ते सांभाळणाऱ्या हातांचा. जुन्या संगणकाच्या बाबतीतही हे हात दिसत नाहीत, एवढाच फरक.

आता याच्या शेजारी विंडोज ११ ठेवून पाहा. २०२१ साली ते आले तेव्हा टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर या अटी घातल्या गेल्या. इंटेलच्या बाबतीत ती यादी सामान्यतः २०१७ नंतरच्या पिढ्यांची. सुरक्षितता हे कारण दिले गेले आणि ते पोकळ नाही. पण अट चुकवून लोकांनी यादीबाहेरच्या यंत्रांवर तीच प्रणाली चढवली आणि ती चालली. म्हणजे ही यंत्रे बहुतांशी नियमाने अडली होती. २०२४ च्या आवृत्तीने मात्र एसएसई ४.२ या आज्ञासंचाची खरोखरच गरज धरली. तो नसलेली फार जुनी यंत्रे तेथे आज्ञेनेच अडली. या दोन अडवणुकींना 'जुने झाले' हा एकच शब्द लावला जातो आणि गोंधळ तेथेच होतो. विंडोज १० चा आधार सुटल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनॅलिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये मांडला होता. त्यांतले किती नियमाने अडलेले, हे विचारल्याशिवाय आपण तो आकडा गिळू नये.

'अशक्य' या शब्दाचीही एक गोष्ट सांगतो. इंटेल ४००४ हा १९७१ चा प्रोसेसर. एका जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी घडवलेला, अवघ्या २,३०० ट्रान्झिस्टरांचा. दिमित्री ग्रिनबर्ग या अभियंत्याने २०२४ साली त्यावर लिनक्स सुरू करून दाखवले. त्याने ४००४ ला दुसऱ्या, मोठ्या प्रोसेसरचे सोंग घ्यायला शिकवले आणि त्या सोंगावर लिनक्स चालवले. यंत्र सुरू व्हायला जवळजवळ पाच दिवस लागले. असल्या यंत्रावर कोणी पगारपत्रक करणार नाही, हे उघड आहे. पण त्यातून कळते, की पुष्कळदा 'होत नाही' याचा अर्थ 'इतकी किंमत कोणी मोजत नाही' असा असतो.

ती किंमत स्वखुशीने मोजणारी माणसे आहेत. १९९३ साली सुरू झालेली नेटबीएसडी ही प्रणाली १९७७ साली अवतरलेल्या व्हॅक्स जातीच्या यंत्रांना अजून सोडत नाही. तिचीच बहीण ओपनबीएसडी हिने २०१६ साली व्हॅक्स सोडले. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीने ३२ बिटांच्या संगणकांवर नव्याने प्रणाली बसवण्याची सोय बंद केली. यांतल्या कोणाला मी दोष देणार नाही. बिनपगारी श्रम कायम चालू राहावेत अशी मागणी दुसऱ्या कोणी केली तरी कामगार संघटनेने करू नये.

आमचा संगणक ६४ बिटांचा, म्हणून वाचला. एका सभासदाच्या मुलाने त्यावर डेबियन बसवले. यंत्र चालू लागले, पण जुने मराठी अर्ज उघडले तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! ते अर्ज युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलेले होते. त्या फाँटांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असे. फाँट गेला की मागे निरर्थक अक्षरे उरत. त्या खिचडीत माणसांची नावे होती, कामावर लागल्याच्या तारखा होत्या, थकलेल्या रकमा होत्या. त्या मुलाने आठ संध्याकाळी बसून सारे युनिकोडमध्ये आणले, आणि आमच्या दोन सभासदांनी मूळ छापील प्रतींशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. यंत्र फुकट वाचले, असे आता मी म्हणू शकत नाही.

म्हणून यंत्र जुने झाले असे कोणी सांगितले, तर ते नियमाने अडले की आज्ञेने, हे आधी विचारावे. आणि ते चालू ठेवायचे ठरले, तर चालू ठेवणाऱ्याचे श्रम कोठे लिहायचे, हेही ठरवावे. आम्ही त्या मुलाला आठ संध्याकाळचा मोबदला दिला. तो आधी घेईना. मग संघटनेच्या जमाखर्चात 'जुन्या यंत्राची देखभाल' असे नवे खाते उघडले, त्याची सही घेतली, आणि मगच संगणक बंद करून घरी गेलो.